काडी कुठली?

बारावीचे निकाल लागले की माझ्या फोनला उसंत नसते. मी दापोलीला उद्यानविद्या शिकलो आणि बँकेत कृषी अधिकारी झालो, म्हणजे 'मार्गी लागलो' असं आमच्या पंचक्रोशीचं ठाम मत आहे. त्यामुळे कुणाची आत्या, कुणाचे वडील, कुणाचा मामा मला विचारतात, "पोराला हॉर्टिकल्चरला घालू का? पुढं काय आहे त्यात?"

पूर्वी मी यादी म्हणून दाखवायचो. एमपीएससीची कृषी सेवा आहे, बँका आहेत, खताच्या आणि बियाण्याच्या कंपन्या आहेत, तळेगावकडची हरितगृहं आहेत, नाशिकची द्राक्षं आहेत, सोलापूरचं डाळिंब आहे, एम.एस्सी. करून प्राध्यापकी आहे. यादी खोटी नव्हती. पण ऐकणाऱ्याला त्यातून पगाराचे आकडे तेवढे कळायचे, काम काय ते कळायचं नाही. आता मी यादी सोडून दिली आहे. सुजाताची गोष्ट सांगतो.

आमची बॅच २०१२ ची. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली. चार वर्षांत आठ सत्रं, आणि शेवटच्या वर्षी 'ग्रामीण उद्यानविद्या कार्यानुभव', म्हणजे गावात राहून शेतकऱ्याच्या बागेत राबायचं. आम्हा मुलांना ते दिवस सहलीसारखे वाटले होते. सुजाता मात्र ज्या घरी राहायला होती तिथल्या म्हाताऱ्या आबांच्या मागे सावलीसारखी असायची. आबा कलमं बांधायचे. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं आणि हाताचा वेग असा की बघताना डोळा चुकायचा.

पदवीनंतर आम्ही पांगलो. मी बँकेची परीक्षा दिली. सुजाता पुण्याला एका ठेकेदाराकडे 'लँडस्केप सुपरवायझर' म्हणून लागली. हुद्दा ऐकायला झकास, काम म्हणजे बाराव्या मजल्यावरच्या गच्चीत लॉनला पाणी मारलं गेलं की नाही हे बघायचं आणि करपलेल्या कुंड्या रात्रीतून बदलायच्या. दोन वर्षं तिनं ते केलं. मग एक दिवस मला म्हणाली, "मेलेलं झाड लपवण्याचाच पगार मिळतो रे मला," आणि गावी निघून आली.

घरची जमीन फार नव्हती. पण आजोबांनी लावलेली हापूसची चौदा कलमं होती, चांगली पसरलेली. शेजारचा एकरभर तुकडा तिनं खंडानं घेतला, शेडनेट उभं केलं आणि आबांना गाठलं. "आबा, तुम्ही बांधायचं, मी शिकायचं. रोज काय घ्याल?" आबा हसले. "बाय, कालेजात शिकवलं नाय का तुला?"

शिकवलं होतं की. कोय कलमाची पद्धत कोकणात रुळली तीच मुळी आमच्या विद्यापीठाच्या कामामुळे. पूर्वी भेट कलमं असायची. रोपाची कुंडी झाडाला टांगून महिनोन्महिने दोघांची गाठ घालून ठेवायची. कोय कलमानं तो सगळा खटाटोप वाचला. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जूनमध्ये रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी वाफ्यावर रुजत घालतात. दोनेक आठवड्यांत कोंब वर येतो, पानं तांब्याच्या रंगाची, लुसलुशीत. तेवढ्याच वयाचा कोंब लागतो. पान हिरवं झालं की वेळ गेली. तो कोयीसकट अलगद उपटायचा, चार बोटं ठेवून शेंडा उडवायचा आणि मधोमध उभी चीर द्यायची. मग हापूसच्या झाडावरची तीन-चार महिन्यांची काडी घ्यायची, कोंबाएवढ्याच जाडीची. तिची पानं आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून कापलेली असतात, म्हणून डोळा टपोरा झालेला असतो. काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी आवळायची, पिशवीत लावायचं आणि वरून टोपी घालायची. कोकणातली पावसाळी हवा दमट, म्हणून हे इथं साधतं.

परीक्षेत आम्हाला दहा कलमं बांधायला लागली होती. परीक्षकांनी पाचरीची लांबी पट्टीनं मोजली. सुजाताला पैकीच्या पैकी गुण होते. पण नर्सरीच्या पहिल्या पावसाळ्यात तिनं स्वतःच्या हातानं हजार बांधली आणि जगली दोनशे ऐंशी. शेजारच्या वाफ्यात आबांची दहातली आठ फुटलेली. आबा दोन दिवस तिचा हात नुसता बघत बसले. मग म्हणाले, "बाय, तू काडी कापतेस आणि मंग इचार करतेस. इचार आधी कर. कापावर चीक वाळतो तवर."

तो एवढाच धडा होता, आणि तो कुठल्याही पुस्तकात त्या शब्दांत नाही.

पण शिकवणी एकतर्फी नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. अडाणी म्हाताऱ्यानं पदवीधराची खोड मोडली अशा गोष्टी आपल्याकडे फार चवीनं सांगितल्या जातात आणि बऱ्याचदा त्या आळशी असतात. सुजातानं विद्यापीठातून एक सवय आणली होती, ती आबांकडे नव्हती. नोंदीची. तिनं चौदा झाडांना पत्र्याचे नंबर ठोकले. कुठलं झाड दरसाल धरतं, कुठलं वर्षाआड, कुणाचं फळ बारीक राहतं, सगळं वहीत. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष रुसतो हे कोकणात पोरालाही ठाऊक असतं. पण चौदांतलं चार नंबरचं झाड कमी रुसतं हे वहीमुळे कळलं. मग काड्या चार नंबरच्या जास्त, नऊ नंबरच्या बंद. आबांनी आयुष्यभर ज्या झाडाची काडी हाताला सोपी लागेल त्याची घेतली होती. वही वाचून दाखवल्यावर ते गप्प झाले. नंतर काडी आणली की स्वतःहून ओरडायचे, "ही चारची गो! लिव!"

वहीत एक रकाना होता: 'काडी कुठली'. तो ठेवायचा असतो हे कायदाच सांगतो. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे. परवाना घेतला की खुंट आणि काडी कुठून आली याची नोंद ठेवणं आलं. पण नर्सरीवाल्यांच्या बोलण्यात हा रकाना तपासणीच्या आदल्या रात्री भरायचा असतो. सुजाता रोज भरायची. मी एकदा तिची चेष्टाही केली होती, की ही वही कुणी वाचणार आहे का? ती म्हणाली, "हापूसचं कलम विकताना गिऱ्हाइकाला काय दाखवते मी? एक पिशवी माती आणि दहा-बारा पानं. फळ दिसायला चार-पाच वर्षं. तोवर त्याच्याकडे काय असतं? माझा शब्द. मग माझ्याकडे तरी तो लिहिलेला नको?"

धंद्याचा हळूहळू जम बसला. पाचव्या वर्षी कर्ज फिटलं. घरी आलेल्या पाहुण्यांना तिची आई "नर्सरी आहे हो तिची" असं पुटपुटायची ती आता "विद्यापीठात शिकलेली आहे ती, म्हणून जमलं" असं खणखणीत सांगू लागली.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग चक्रीवादळ. त्या दुपारी श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या पट्ट्यात काय झालं ते इथल्या माणसांना सांगायला नको. शंभर वर्षांचे आंबे मुळासकट आडवे, पोफळींच्या बागा कुणी काडेपेटी उपडी करावी तशा. त्यात कोविडची टाळेबंदी. वीज कित्येक दिवस नव्हती. सुजाताच्या चौदांतली अकरा झाडं पडली. चार नंबर त्यांतलंच. शेडनेट तर सापडलंच नाही.

आठवड्याभरात दुसरी गोष्ट सुरू झाली. लोकांनी बागा पुन्हा लावायच्या ठरवल्या. ज्याचं त्याचं एकच: कलमं द्या. पुढच्या पावसाळ्यात उचलायच्या पंधराशे कलमांची मागणी तिच्याकडे आली, काहींनी आगाऊ पैसे दिले. कोयी तर तिनं रुजत घातल्याच होत्या. पण काड्या? पडलेल्या झाडांच्या काड्या पाचव्या-सहाव्या दिवशी माना टाकून बसल्या आणि कोयींना अजून कोंबही नव्हते. उभ्या राहिलेल्या तीन झाडांवर फार तर नऊशे काड्या निघणार होत्या. सहाशेचा खड्डा.

जूनअखेर एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. ओल्या गोणपाटात बांधलेल्या काड्या. "अस्सल हापूस, ताई. बाग डोळ्यानं बघितलीय मी." सुजातानं जुडी सोडली. आबांनी एक काडी उचलली, वाकवली, नखानं साल उचकटून नाकाशी नेली आणि खाली ठेवली. "आपली नाय वाटत."

"आपली कशी असेल, आबा? बाहेरची आहे ती."

"तसं नाय. हापूसची नाय वाटत समदी." मग जरा थांबून म्हणाले, "नव्वद साली फळबाग योजना आली ना, रोजगार हमीची, तवा मी एका ठिकानी दिवसाला पाचशे बांधायचो. काडी कुठली ते मुकादमाला ठावं. आमी बांधायचं."

"मग काय करू? लोकांचे पैसे घेतलेत मी."

आबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी चाकू धारेला लावला.

सहाशे काड्या बांधल्या गेल्या. साडेतीनशे जगल्या. बांधून झाल्या त्या रात्री सुजातानं वही उघडली आणि 'काडी कुठली' या रकान्यात, जिथं एरवी झाडाचा नंबर असायचा तिथं, लिहिलं: 'बाहेरून'. पिशवीवरच्या चिठ्ठीवर मात्र सगळ्यांसारखंच छापलेलं होतं: हापूस. पुढच्या जूनमध्ये ती साडेतीनशे कलमं बाकीच्यांत मिसळून बारा शेतकऱ्यांकडे गेली. कुणाला किती आणि कुठल्या वाफ्यातली, तेही वहीत होतं. वहीत खरं आणि चिठ्ठीवर खोटं अशी तिची ती चार वर्षं गेली. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. कळलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो. सगळेच तसं करत होते.

मे २०२५. मंडणगडकडचे एक काका तिच्या नर्सरीत आले. एसटीत चालक होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी वरकस जमिनीत खड्डे मारून दोनशे कलमं लावली होती, उन्हाळ्यात कावडीनं पाणी घालून जगवली होती. हातात वर्तमानपत्राची पुडी. त्यांनी ती टेबलावर सोडली. दोन आंबे. एक लालसर खांद्याचा, टोकाला स्पष्ट चोच असलेला. दुसरा लांबोडका, रेषाळ, नावाला रायवळ म्हणावं असा.

"गोड आहे हो," काका चोचवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पायरीच असेल तर वाईट नाही. घरी पोरांनी आमरस केला. पण पोरी, हा पेटीत जाईल का?"

काका रागावलेले नव्हते. सुजाता म्हणते, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तिनं त्या रात्री मला फोन केला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. मी जे उत्तर दिलं ते इथं लिहितो, कारण ते न लिहिणं म्हणजे मीसुद्धा चिठ्ठीवर एक आणि वहीत एक असं करणं होईल. मी म्हटलं, "अगं, खुंट फुटला असेल. जोडाच्या खालची फूट काढली नाही की रायवळच वर येतो आणि कलम मरतं. निम्म्या शेतकऱ्यांचं होतं असं. सांग त्यांना, तुम्ही फूट काढली नाहीत. कोण तपासणार आहे?"

तांत्रिकदृष्ट्या माझं बोलणं बरोबर होतं. असं खरंच होतं. चार वर्षांच्या पदवीनं मला एक सोयीची थाप शास्त्रीय भाषेत मांडता येण्याइतकं नक्कीच शिकवलं होतं.

"मी बघून येते," ती म्हणाली. रविवार होता, मीही गेलो.

त्या साली पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात उतरला होता. जमीन भिजलेली. काकांची बाग बघून मला माझं फोनवरचं बोलणं आठवलं आणि घशाशी आलं. प्रत्येक झाडाला दगडांचं आळं, बुंध्याला बोर्डोचा पट्टा, जोडाखाली एकही फूट नाही. सुजाता चोचवाल्या झाडापाशी गुडघ्यांवर बसली. चाकूच्या पाठीनं तिनं बुंध्यावरची माती खरवडली. जोडाची गाठ दिसली, स्वच्छ, तिरकी, चार वर्षांत भरून आलेली. खालून काही फुटलं नव्हतं. जे वाईट होतं ते जोडाच्या वरचं होतं, म्हणजे काडीचं होतं, म्हणजे तिचं.

ती बराच वेळ तिथंच बसली. मग उभी राहिली, हात पुसले नाहीत, तसंच काकांना म्हणाली, "काका, तुमची काही चूक नाही. वादळाच्या वर्षी माझी झाडं पडली, काड्या कमी पडल्या, मी बाहेरून घेतल्या. मला शंका होती. तरी हापूस म्हणून विकल्या. तुमच्या दोनशेतली साठ त्यातली आहेत. कुठली साठ तेही मला सांगता येईल."

काकांनी विचारलं, "कसं काय सांगता येईल?"

"लिहून ठेवलंय."

काका तिच्याकडे बघत राहिले. माणूस ज्याला फसवतो त्याचा हिशेब लिहून ठेवतो, हे त्यांना नवीन असावं. मग म्हणाले, "आधी चहा घ्या."

त्या साठांतली नऊच झाडं तोवर फळली होती. उरलेल्यांत खरे हापूस किती आणि भलते किती हे फळ धरल्याशिवाय ठरत नव्हतं. इथंच मला वाटलं की बाई आता थांबेल. नऊ झाडांचं बघेल, बाकीचं ज्याचं त्याचं नशीब. पण तिनं वहीतून बाराही नावं काढली. दहा जणांच्या झाडांना अजून एकही फळ लागलेलं नव्हतं. त्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांच्या दारात जाऊन, त्यांनी विचारलेलं नसताना, सांगायचं होतं की तुमच्या बागेत माझी चूक उभी आहे.

ती गेली. पुढचा महिनाभर स्कूटरवरून, पावसात. तिचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं. संशयाची सगळी झाडं मी छाटून, नव्या फुटीवर माझ्या झाडाची काडी फुकट बांधून देते. नको असेल तर कलमाचे पैसे परत.

सगळीकडे चहा मिळाला नाही. एकानं तिला अंगणातूनच पाठवलं आणि वर तालुकाभर फोन केले. दोघांनी पैसे मागून घेतले, तिनं दिले. दोघे म्हणाले, फळ धरेपर्यंत थांबू, बघू काय निघतंय. त्या अंगणातून पाठवणाऱ्याचं तर नंतर कळलं, त्याची कलमं दोन वर्षांपूर्वीच्या वणव्यात कधीच जळून गेलेली होती. काकांसकट सात जणांनी झाडं बदलून घ्यायचं ठरवलं. ही सगळी मिळून पावणेदोनशेच्या आसपास झाडं भरली.

जूनमध्ये तिच्या मागणीच्या वहीतून पाचशे कलमं रद्द झाली. बातमी फिरली ती अर्धीच फिरली: 'तिकडं खोटी कलमं निघाली'. पुढचा अर्धा भाग, की तिनं स्वतः येऊन सांगितलं, तो फिरायला वेळ लागतो. माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्यानं मला विचारलं, "ती तुमची मैत्रीण ना, वेडी आहे का?" मी काही बोललो नाही. नेहमीप्रमाणे.

ऑगस्टात पाऊस जरा ओसरला तेव्हा मी काकांच्या बागेत पुन्हा गेलो. साठ झाडांच्या फांद्या कापून त्यांच्या तोंडाला बोर्डोचा मलम लावलेला होता. खाली नवी फूट आली होती, त्यातली तीन-तीन ठेवून बाकीची काढलेली. मृदुकाष्ठ कलम बांधायचं होतं. कोवळ्या फुटीवर, त्याच पाचरीनं. आबा आता ऐंशीच्या पुढं, त्यांच्यानं उभं राहवत नाही. त्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. बांधत सुजाता होती. मी तिचा हात बघत होतो. काप, पाचर, पट्टी, टोपी. कापल्यावर ती कुठंही थांबत नव्हती.

प्रत्येक झाडाला तिनं पत्र्याचा बिल्ला अडकवला आणि त्यावर काडीच्या आईझाडाचा नंबर खिळ्यानं कोरला. पडलेल्या चार नंबरच्या काड्या वादळात गेल्या, पण त्याच्याच काडीची आधीच्या वर्षी बांधलेली काही कलमं पिशव्यांत राहून गेली होती; ती तिनं वादळानंतर घराच्या पाठीमागे लावली होती. आता त्यांच्यावर काड्या निघू लागल्या होत्या. काकांनी बिल्ला चष्मा लावून वाचला. "चार-क. म्हणजे काय गं?"

"चारच्या पोटचं तिसरं."

काकांनी मान डोलावली आणि घरातून शाळेची दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर त्यांनी रेघा मारल्या होत्या. झाडाचा नंबर, काडी कुठली, तारीख. आबांना ते दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, "लिवा, लिवा. मला वाचता येत नाय, पन लिवा."

परवा पुन्हा एक फोन आला. पोराला पंच्याऐंशी टक्के आहेत, उद्यानविद्येला घालू का. मी गोष्ट सांगितली. पलीकडून बाप म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण त्या बाईंचं आता बरं चाललंय ना? सुटतं का काही?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडे सांगतो. रद्द झालेली पाचशे वजा जाता त्या पावसाळ्यात तिच्याकडे एकोणीसशे कलमांची मागणी उरली होती. तीन जुनी झाडं आणि घरामागची नवी मिळून काड्या निघाल्या एकवीसशे. त्यांतल्या पाचशे सात जणांच्या बागांत फुकट बांधल्या गेल्या. ज्यांच्यासाठी काडी उरली नाही त्या तीनशे कलमांचे आगाऊ पैसे तिनं परत केले. बाजारात काड्यांचा टेम्पो त्या साली फिरत होता. तिनं सोळाशे कलमं बांधली.